अकोल्याला लागलेला चुना

मित्रांनो, माझे निम्मे केस झडले आहेत आणि हल्ली मी कोठीत खुंटीला उलटा टांगलेला असतो. पण एका इंग्रजी शब्दाचा अर्थ माझ्याइतका पक्का कुणाला ठाऊक नसेल. मी चुन्याचा एक जुना कुंचा आहे.

केकताडाची पानं ठेचून काढलेला वाख, म्हणजे राठ धागे, काठीला सुतळीनं करकचून बांधला आणि माझा जन्म झाला. अंजनगाव सुर्जीच्या बाजारातून मला चतुराबाईनं आणलं. ती भाजी विकायची. मळा आणि बाजार यांतून तिला सवड मिळेना, म्हणून मी वर्षभर नुसता पडून राहिलो. इकडे चुलीच्या धुरानं भिंती काळ्या होत गेल्या. अकोल्याचे खुशालराव आपल्या मुलीसाठी, वच्छलासाठी, चतुराबाईचा मुलगा ओमप्रकाश आणि त्याचं घर पाहायला येणार होते. चतुराबाई मात्र दर वेळी नवं निमित्त काढून त्यांचं येणं पुढं ढकलायची. या भिंती पाहिल्या की सोयरीक मोडणार, ही तिची धास्ती होती.

एकोणीसशे बासष्ट साली ओमप्रकाश व्हॉलीबॉलच्या संघाबरोबर अकोल्याला खेळायला गेला. शनिवारी त्याची इंग्रजी तार आली : ‘अकोला व्हाइटवॉश्ड. कमिंग मंडे.’ शेजारच्या उत्तमराव मास्तरांनी ती दोनदा वाचली.

“व्हाइटवॉश म्हनजे चुना मारनं,” ते म्हणाले. “अकोल्याचे पाहुने सोमवारी येऊन रायले, चतुराबाई. पोरगा म्हनते, घराले चुना मारून ठेव.”

चतुराबाईनं पदर खोचला. चुनकळीवर पाणी पडताच बादली रटारटा उकळू लागली आणि माझी नोकरी सुरू झाली. पहिला हात झाला, पण भिंत होती तशीच काळपट. बिचारी मला हातात धरून खालीच बसली. मित्रांनो, ओला चुना पारदर्शक दिसतो. पाणी उडून तो सुकला की पांढरा होतो आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट बसतो. हे मला तिला सांगता आलं नाही. पण ऊन चढलं तशी भिंत आपोआप उजळत गेली. मग तिनं हसत हसत दुसरा हात मारला.

सोमवारी डफ वाजवत पोरं आली. ओमप्रकाशच्या गळ्यात हार होता. चतुराबाई त्याच्या पाठीमागं पाहत राहिली आणि पाहुणे कुठं आहेत म्हणून विचारू लागली. ओमप्रकाशला काही कळेना. मास्तरांनी तार दाखवली तेव्हा तो हसून हसून ओट्यावर बसला.

“मास्तर, आमी अकोल्याले हरवलं. असं हरवलं का त्यांले एकबी गेम घेऊ देला नाही. त्यालेच व्हाइटवॉश म्हनतेत.”

चुना हा अर्थही खोटा नाही, असं मास्तर पुटपुटले. ते खरंच होतं. आता चतुराबाई रडते की काय, म्हणून पोरांनी डफ खाली ठेवला. तिनं एकदा भिंतीकडे पाहिलं.

“तुमी अकोल्याले चुना लावला, मी घराले लावला,” ती म्हणाली. “बलाव आता पाहुने. पन तार इंग्रजीत नोको करू.”

पुढच्याच आठवड्यात खुशालराव आले. लखलखत्या भिंतींमागची हकीकत ऐकून ते पोट धरून हसले आणि चहा पिता पिता त्यांनी सोयरीक पक्की केली.

“आमची वच्छला या घरात येऊ द्या,” ते म्हणाले, “मंग पाहू, कोन कोनाले व्हाइटवॉश करते ते.”

लग्नाला घर पुन्हा रंगलं, तेही माझ्याच हातून. पुढं कित्येक दिवाळ्या मी गाजवल्या. एकदा मात्र कुणी मला न धुताच ठेवून दिलं. चुना केसांत घट्ट बसला आणि ते तुटत गेले. म्हणून, मित्रांनो, काम झालं की कुंचा स्वच्छ पाण्यात धुऊन ठेवा. आणि एखादा शब्द अनोळखी वाटला, तर त्याचा दुसरा अर्थही विचारून घ्या. मात्र त्या चुकीत घर उजळून निघत असेल, तर विचारायची फार घाई करू नका.