अकरावी सुई

माझ्याकडून अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला सासूबाईंनी पाच वर्षं लावली. चाळीस वर्षं कपडे शिवणाऱ्या बाईला सुईची भीती कसली? पण सुनेच्या टेबलावर आडवं व्हायचं म्हटलं की त्यांना नेमकं तातडीचं काम निघायचं. शेवटी उजव्या अंगठ्यानेच दगा दिला. कात्री धरली की मनगटातून कळ निघायची ती थेट कोपरापर्यंत. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा आणि विश्रांती सांगितली होती. पट्टा त्यांनी बांधला. विश्रांती कशाशी खातात ते त्यांना माहीत नव्हतं.

त्या दिवशी माझ्या दवाखान्यात आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचा तक्ता मोठ्याने वाचला. कंबरदुखी, आखडलेली मान, गुडघे, अर्धशिशी, औषधांनी होणारी मळमळ.

"यात सुनेचा तापटपणा कुठे दिसत नाही गं."

"तो असाध्य आहे, आई. आणि यातलंही सगळं हमखास बरं होतं असं नाही. फरक पडू शकतो, एवढंच. पट्टा सोडायचा नाही."

मी त्यांच्या उजव्या हाताला अकरा सुया लावल्या. केसाएवढ्या बारीक. प्रत्येक सुई प्लास्टिकच्या नळीतून येते, रिकाम्या नळ्या मी वाटीत ठेवते, आकडा उशाशी चिठ्ठीवर लिहिते आणि काढताना मोठ्याने मोजते. मोजणी जुळल्याशिवाय कुणाला उठू देत नाही. सात वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नव्हता.

त्या दिवशी मोडला. बाहेर अर्धशिशीने बेजार झालेल्या एक शिक्षिका डोकं धरून बसल्या होत्या, त्यांना दोनदा उलटी झाली होती. शिवाय टेबलावर घरचंच माणूस. वीस मिनिटांनी मी पडदा सारला, भराभर सुया काढून ट्रेमध्ये टाकल्या आणि म्हटलं, "उठा, आई."

"चिमणी जागी झाली असेल," म्हणत त्या निघाल्यासुद्धा. चिमणी म्हणजे माझी मुलगी. नऊ महिन्यांची, दोन दात आलेली. हाताला लागेल ते तोंडात. सासूबाई परत येईपर्यंत नवरा तिच्यापाशी होता, मग त्याला कामावर जायचं होतं.

टेबल पुसताना माझी नजर ट्रेवर गेली. मोजल्या. दहा. पुन्हा मोजल्या. दहाच. वाटीतल्या नळ्या मोजल्या. अकरा.

चादर झटकली, उशी उलटी केली, गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवला. काही नाही. म्हणजे सुई सासूबाईंच्या हातात तरी होती, नाहीतर कपड्यात. हातात असती तर त्यांना दिसली असती. आणि कपड्यात म्हटल्यावर एकदम डोळ्यांपुढे त्या काम करताना दिसल्या. मापं घेताना काढलेली प्रत्येक टाचणी त्या न बघता डाव्या खांद्याच्या शिवणीत खोचतात. चिमणी झोपते तीही त्याच खांद्यावर, शिवणीला तोंड लावून.

सासूबाईंना फोन लावला. वाजत राहिला. नवऱ्याला लावला.

"मी निघालो की. आईने घेतली तिला. खांद्यावर टाकल्याबरोबर झोपली."

मी त्याला काही सांगितलं नाही. शिक्षिकाबाईंना अजून एकही सुई लावलेली नव्हती. "मला जावं लागेल, माफ करा," एवढंच म्हणाले आणि पळाले.

घर दोन गल्ल्या पलीकडे. पायात दवाखान्यातल्या सपाता होत्या, एक वाटेतच निसटली. पळताना मी सासूबाईंना मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. ती सवय, तो खांदा, कुणाचं म्हणून ऐकायचं नाही! आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी मीच मला विचारत होते, पण तू मोजल्या का नाहीस?

दार लोटलेलं होतं. त्या खिडकीपाशी उभ्या राहून चिमणीला थोपटत होत्या.

"हलू नका!"

त्या जागच्या जागी थिजल्या. मी चिमणीला ओढूनच घेतलं. ती भोकाड पसरून रडायला लागली, त्यामुळे तोंड तरी उघडलं. बोट घालून हिरड्या, जिभेखाली, गालाच्या आत, सगळं पाहिलं. काही नव्हतं. मग गाल, मान, डोळ्यांचे कोपरे. एका हाताने सासूबाईंच्या खांद्याची शिवण चाचपली. तीही रिकामी.

"अगं, काय शोधतेस?"

"सुई! अकरा लावल्या होत्या, दहाच निघाल्या. मी... मी मोजल्या नाहीत, आई."

त्यांनी हनुवटीने दाराकडे खूण केली. चौकटीला दोरीने एक चुंबक टांगलेलं होतं. पाच वर्षं मी ते बघत होते, शिवणकामाचं काहीतरी असेल म्हणून सोडून देत होते. त्यावर सात-आठ टाचण्या होत्या, आणि त्यांच्यात केसाएवढी बारीक एक.

"तुझ्या टेबलावर पडल्या पडल्या मनगटाशी टोचलेली दिसली. हात आपोआप गेला, काढली आणि खोचली खांद्याला. माझ्या ध्यानीमनीही नाही. पण घरात आले की आधी ते अंगावरून फिरवते. मगच हिला हात लावते."

मी खाली बसले आणि चिमणीला घट्ट धरून रडले. इतकं की तीच गप्प झाली.

"रोज फिरवता?"

"रोज."

त्या समोर बसल्या. पट्टा बांधलेला हात मांडीवर ठेवला.

"तुझ्या नवऱ्याच्या गालाला खळी पडते ना, एकाच."

मी मान हलवली. त्या खळीवरच तर मी भाळले होते. चिमणी हसली की तिच्याही गालावर ती शोधायचे.

"ती खळी नाही. हिच्याएवढा होता. माझ्या खांद्यावर झोपलेला. टाचणी गालात गेली, पिकलं, डॉक्टरांनी कापलं. तो वण आहे. सगळ्यांना खळी म्हणून सांगितलं, त्यालाही."

मी चिमणीच्या गालावरून बोट फिरवलं.

"त्याला सांगशील?"

"नाही," मी म्हणाले. "माझंही तुम्ही सांगू नका."

पुढच्या आठवड्यात त्या आपणहून आल्या. मी एकेक सुई मोठ्याने मोजत लावली. काढताना त्याही माझ्याबरोबर मोजत होत्या, आणि अकरा म्हणताना आम्हा दोघींचा आवाज जरा चढलाच.