मागची काच

भिकूने हेअर ड्रायर गाडीच्या मागच्या काचेजवळ धरला आणि स्टिकरच्या गरुडाचा डावा पंख टोकाकडून सोलायला घेतला. पंख सहजी निघत नव्हता. वीसेक उन्हाळे त्या काचेवर काढलेल्या गरुडाला हेअर ड्रायरची ऊब म्हणजे काहीच नव्हती.

"हळू," कोंडिबा म्हणाला.

"काढायचाय का ठेवायचाय?"

"काढायचाय. पन हळू."

मारुंजीत भिकूचं आता काचेच्या दाराचं दुकान होतं. आत गाडीला मॅट रंगाचा कागद गुंडाळून मिळे आणि तो गुंडाळताना बसायला सोफा होता. पूर्वी पौडला एसटी स्टँडसमोर त्याची टपरी होती, आणि कोंडिबाची पांढरी एस्टीम त्या टपरीसमोर घडली होती. रस्त्याकडेच्या जमिनी कॉलेजच्या वसतिगृहासाठी विकल्या गेल्या तेव्हा गावातल्या बाकीच्यांनी बंगले बांधले. कोंडिबाने आधी गाडी घेतली आणि मग गाडीवर बांधकाम काढलं. डिकीवर विमानाच्या शेपटीएवढा स्पॉयलर चढला. बॉनेटवर हवा आत घेणारं नाक बसलं. नाकाखालचा पत्रा शाबूतच ठेवल्यामुळे हवा तिथवर येऊन परत जाई. डॅशबोर्डवर जांभळी फर आली, गाडीच्या पोटाखाली निळी ट्यूब आली. शेवटी मागच्या काचेवर पंख पसरून गरुड आला. त्याच्या एका पायात गावाचं नाव होतं आणि दुसऱ्या पायात भैरवनाथाची कृपा.

गरुड आणि स्पॉयलर मिळून मागचं काही दिसू देत नसत. पण तेव्हा मागे बघण्यासारखं काही आहे असं कोंडिबाला वाटत नव्हतं.

आता त्याच्या मुलीचं, गौतमीचं, लग्न ठरलं होतं. ती हिंजवडीत नोकरीला होती, नवरा मुलगा मनीषही तिथेच नोकरीला, राहणारा कोथरूडचा. मागच्या रविवारी ती घरी आली आणि अंगणात गाडीला एक फेरी मारून म्हणाली, "अण्णा, मी आपल्याच गाडीतून जाणार. तुम्हीच चालवा. फक्त तिच्यावरचं हे सगळं काढा."

"सगळं म्हंजी?"

"म्हणजे कंपनीतून आली तशी करा."

"कंपनीतून आली तवा लई गरीब दिसत हुती."

"अण्णा."

"बरं."

"नाहीतर मनीषच्या मामांची गाडी आहेच. ते विचारतायत. काळी आहे, साधी." तिने साधी हा शब्द जपून ठेवला. मग आठवल्यासारखं करून म्हणाली, "आणि ते रिव्हर्सचं वाजणं. तेही काढा."

यावर कोंडिबा लगेच बरं म्हणाला नाही. खिशातून रुमाल काढून त्याने स्पॉयलर पुसला. तो स्वच्छच होता.

भैरवनाथाकडे जाणारी बोळ देवळापाशीच संपते. सासरी निघालेल्या मुलीची गाडी तिथे देवाकडे तोंड करून उभी करायची आणि देवाला पाठ न दाखवता निघायचं, अशी गावाची रीत. नारळसुद्धा पुढच्या चाकाखाली नाही, मागच्या चाकाच्या मागे ठेवायचा, कारण गाडी चौकापर्यंत उलटीच जाणार. ही रीत बैलगाडीच्या काळापासूनची आहे असं म्हातारे सांगत. बैल मागे चालवून पाहिलेले म्हातारे मात्र या विषयावर गप्प बसत.

गावातल्या आणि वरच्या वाडीतल्या बहुतेक मुली इतकी वर्षं कोंडिबाच्या एस्टीममधूनच गेल्या. गाडी रिव्हर्सला पडली की डिकीतली डबी वाजायला लागे. धून कुठल्याशा सिनेमातल्या गाण्याची होती, पण त्या गाण्याने तिला ओळख दिली नसती. ती सुरू झाली की मागची माणसं भिंतीला लागत आणि बायका रडायला लागत. त्याआधी कुणी रडत नसे. सगळ्या पदर हातात धरून डबीची वाट बघत उभ्या असत.

म्हणून गौतमीचं म्हणणं ऐकल्यावर सारजाबाई भाकरी थापता थापता थांबली होती.

"मंग रडायचं कवा?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कवाबी रड."

"आसं कवाबी येतं व्हय?"

यावर कोंडिबाने किल्ली उचलली होती. तो गाडी घेऊन मारुंजीला आला होता.

गरुडाचे दोन्ही पंख निघाले तेव्हा दुकानासमोर एक स्कूटर थांबली. कोंडिबाच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहणारा ऋषिकेश उतरला. तो लवळ्याला डिझाइन शिकत होता, त्यामुळे कशाकडेही बघताना डोकं जरा वाकडं करी. खाली ठेवलेल्या स्पॉयलरकडे त्याने तसंच पाहिलं.

"काका, हे काय करताय? लेजेंड गाडी आहे ही. लोक आता मुद्दाम शोधून परत बसवतात हे सगळं."

"कोन लोक?"

"आमच्या ग्रुपवर आहेत. मी तुमच्या गाडीचा फोटो टाकला होता, सगळे वेडे झाले."

"आदी नव्हते?" भिकूने विचारलं.

"काका, निदान स्पॉयलर तरी ठेवा."

"तूच ने की," कोंडिबा म्हणाला.

ऋषिकेशला स्कूटर होती, गाडी नव्हती. पण तो नाही म्हणाला नाही. थोड्या वेळाने स्पॉयलर मागच्या सीटवर आडवा बांधून तो निघाला, आणि रस्त्यावरचे टेम्पो, कुठे उतरणार हे न कळल्यामुळे, त्याला वाट देऊ लागले. तो दिसेनासा होईपर्यंत कोंडिबा उभा होता.

"चांगल्या घरी ग्येला," भिकू म्हणाला आणि डिकीत वाकला. काही वेळ त्याचे नुसते पायच दिसत होते. मग आतून आवाज आला, "कोंडिबा, डबी राहू देतो. नुसती वायर सोडवतो. लग्न झालं की परत जोड. कुनाला कळतंय?"

"ती इच्यारंल."

"इच्यारू दे. काढली म्हन."

"मला न्हाई जमायचं."

"लई अवघड हाय बाबा तुजं," भिकू म्हणाला. डबी हातात घेऊन तो बाहेर आला. ती साबणाच्या वडीएवढी होती. कोंडिबाने ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

खरं तर डबीचं काम आधी गौतमी करायची. घर चौकाच्या एका अंगाला, देऊळ दुसऱ्या अंगाला, आणि मधे सरळ वाट. दर रविवारी देवदर्शन झालं की कोंडिबा गाडी देवळापासून थेट अंगणापर्यंत उलटीच आणायचा. त्याला मागचं दिसत नसल्यामुळे गौतमी मागच्या सीटवर गुडघे टेकून, गरुडाच्या दोन पायांमधल्या फटीला डोळा लावून बसायची आणि सांगायची, "येऊ द्या... येऊ द्या..." तिने बास म्हटल्याशिवाय ब्रेकला पाय लावायचा नाही, असं दोघांचं ठरलं होतं. कोंडिबाने ते कधी मोडलं नाही. एका रविवारी ऐन बासच्या वेळी तिला शिंक आली आणि गाडी गोठ्याच्या भिंतीला टेकली, तेव्हाही त्याने मोडलं नाही.

त्याच आठवड्यात भिकूने डबी बसवली. गौतमी तेव्हा दुसरीत होती. डबी पहिल्यांदा वाजली त्या रविवारी ती गाडीत बसली नाही, चालत घरी आली. कोंडिबाला वाटलं होतं, पोरीला धून आवडेल.

लग्न देवळासमोरच्या मांडवात झालं. मनीषच्या आईला सगळंच फार ऑथेंटिक वाटलं. तिने देवळाचे फोटो काढले, चुलीचे काढले, मुंडासं बांधलेल्या एका म्हाताऱ्याचे काढले. तो म्हातारा त्यांच्याच बाजूचा, पुण्याहून आलेला निघाला. गाडीचा फोटो कुणी काढला नाही. देवाकडे तोंड करून ती पांढरी, साधी उभी होती, आणि गावातली माणसं तिला वळसा घालून एकमेकांना विचारत होती, "कोंडिबाची गाडी कुटं हाय?"

पाठवणीची वेळ झाली. गौतमी गाडीपाशी आली. आत बसायच्या आधी तिने डिकीवर हात ठेवला. स्पॉयलरची भोकं भिकूने पुट्टी भरून बुजवली होती, वर रंगही मारला होता, पण तो जरा पिवळट पडला होता. एकेका ठिपक्यावरून तिचं बोट फिरलं.

"चांगली झाली गाडी," ती म्हणाली.

"व्हय," कोंडिबा म्हणाला. "धुवायला बी सोपी."

ती मागे बसली. तिच्या शेल्याची आणि मनीषच्या उपरण्याची गाठ असल्यामुळे मनीषही लगोलग आत ओढला गेला. कुणीतरी मागच्या चाकामागे नारळ ठेवला. देवळाच्या पायरीशी सारजाबाई आणि बाकीच्या बायका पदर हातात धरून उभ्या राहिल्या. बोळीत गाडीमागे सगळा गाव होता.

कोंडिबाने गाडी चालू केली, रिव्हर्सला टाकली आणि मान मागे वळवली.

काही वाजलं नाही.

मागची माणसं जागची हलली नाहीत. ती आपसात बोलत राहिली, एकाने तर डिकीवर हात टेकून तंबाखू मळायला घेतली. बायका पदर धरून उभ्याच होत्या. त्यातली एक कोपराने दुसरीला ढोसून काहीतरी विचारत होती, आणि सारजाबाई गाडीकडे अशी बघत होती की जणू गाडीच काही विसरली होती.

आतही शांत होतं. मान मागे वळवलेली असल्यामुळे कोंडिबाच्या समोर गौतमीचा चेहरा होता. या गाडीतून गेलेल्या प्रत्येक मुलीचा चेहरा त्याने या वेळी असाच पाहिला होता, पण तेव्हा मधे धून असायची. त्या पोरींकडे बघितलं तरी बघितल्यासारखं होत नसे.

गौतमी वाट बघत होती. मग म्हणाली, "अण्णा, रिव्हर्स पडला नाही का?"

"पडलाय," कोंडिबा म्हणाला.

पडलाय तर वाजत का नाही, एवढा प्रश्न तिच्या तोंडापर्यंत आलेला त्याला दिसला. तो तिथेच थांबलेलाही दिसला. तिच्या मुंडावळ्या किंचित हलल्या.

बाहेरून एक म्हातारी खिडकीवर बोटं वाजवून म्हणाली, "आरं कोंडिबा, गाडी चालू हाय का बंद? वाजीव की. मानसाला कळायचं कसं?"

"वाजत न्हाई आता, आत्ती."

"बिघाडली?"

"न्हाई. सुधारली."

म्हातारीला ते पटलं नाही. तिने गौतमीकडे पाहिलं. गौतमीने खिडकीची काच खाली घेतली. मग शालू सावरला, हातातला गुच्छ मनीषच्या मांडीवर ठेवला, सीटवर गुडघे टेकले आणि मागे तोंड केलं. गाठीमुळे मनीषही अर्धा वळला आणि तसाच राहिला.

"व्हा बाजूला," गौतमी खिडकीतून म्हणाली. आवाज हिंजवडीचा नव्हता. "आवं तात्या, तंबाकू मागनं मळा. गाडी मागं येतीया."

तंबाखूवाला दचकून भिंतीला लागला. त्याच्यामागचे लागले. बोळ मोकळी होत गेली.

"येऊ द्या," गौतमी म्हणाली.

कोंडिबाने क्लच सोडला. नारळ फुटल्याचा आवाज आला आणि गाडी हळूहळू मागे निघाली.

"येऊ द्या... येऊ द्या..."

सारजाबाईला वेळ सापडली. तिने पदर तोंडाला लावला, आणि तिच्यामागून सगळ्या बायका एकदम रडायला लागल्या. गाडी त्यांच्यापासून लांब जात होती आणि त्या आवाजाबरोबर पुढच्या काचेत लहान होत होत्या. कोंडिबाला ते दिसत नव्हतं. त्याला आता गौतमीचा चेहराही दिसत नव्हता. दिसत होती तिची पाठ, अंबाड्यावरचा गजरा, आणि गजऱ्यापलीकडे मागची काच. काच भिकूने इतकी स्वच्छ केली होती की गरुड बसल्यापासून पहिल्यांदाच त्याला या बोळीत मागचं सगळं दिसत होतं. तिने काही सांगायची तशी गरज नव्हती.

चौक आला. पुण्याच्या रस्त्याला लागायचं तर इथे थांबायचं आणि गाडी वळवायची. मनीषच्या मामांची काळी गाडी कडेला दिवे लावून उभी होती, आणि मामा हाताने इकडे, इकडे असं करत होते. त्यांच्यापलीकडे सरळ वाट, आणि वाटेच्या शेवटी कोंडिबाच्या अंगणाचं फाटक. सगळेच लग्नाला आल्यामुळे ते उघडंच राहिलं होतं.

कोंडिबाने पाय ब्रेकजवळ नेला. ठेवला नाही.

"इथे वळायचं ना?" मनीषने हळूच विचारलं.

गौतमी गुडघ्यांवर जरा पुढे सरकली. तिने तळहात काचेला टेकला.

"येऊ द्या," ती म्हणाली.

कोंडिबाने येऊ दिली.