डाग बिब्ब्याचा नव्हता

मी सरजाबाईच्या पेशीवरून बोलतोय. तुम्ही मला ओळखत नाही, आणि तिचीही माझ्याशी ओळख झाली नसती तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाई मला रिसेप्टर म्हणतात. कातडीला रंग देणारी पेशी असते, तिच्या भिंतीत मी रुतलेला असतो. डोकं बाहेर, पाय आत. बाहेरून निरोप आला की तो आत पोचवायचा, एवढंच माझं काम. निरोपही एकाच शब्दाचा: वाढ. निरोप नसेल तेव्हा गप्प बसायचं.

माझ्याआधीचे सगळे बिचारे गप्प बसत. सरजाबाईची उजवी टाच हे आमचं गाव. लातूरच्या एका डाळमिलमध्ये वाळत घातलेली तूर ती अनवाणी पायांनी हलवायची, एकदोन नाही, वीस वर्षं. टाचांना भेगा पडत, निरोप येई, भेग भरली की निरोपही थांबे.

मग एकदा पेशीची नक्कल होताना माझ्या घडणीत चूक झाली. का झाली, ते कुणालाच सांगता आलं नाही. मी जन्मालाच वाकडा आलो. निरोप असो वा नसो, मी आपला आत ओरडतोय, वाढ, वाढ, वाढ. वर मला वाटायचं, आपण किती इमानानं नोकरी करतोय. आता ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

पेशीनं माझं ऐकलं. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि टाचेवर मसुराएवढा काळा ठिपका उठला.

तिचा नवरा साहेबराव ऑटो चालवतो. बायकोच्या टाचा तोच बघायचा. दर हिवाळ्यात बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि तेल सुटलं की भेगेत सोडायचा. ती दातांत पदर धरून बसायची. "झालं, झालं," असं तो लेकराला समजावल्यासारखं म्हणायचा. बिब्ब्यानं कातडी काळी पडते हे इथं सगळ्यांना ठाऊक. त्यामुळं माझा ठिपका कुणाला वेगळा दिसलाच नाही.

दिसला तो लेकीला. लुंबिनी औशाच्या दवाखान्यात नर्स आहे. बुद्ध पौर्णिमेला घरी आली आणि आईच्या पायाला तेल लावताना थांबली.

"आई, हा डाग मोठा व्हायलाय का?"

"बिब्ब्याचा हाय गं. तुझे बाबा दरसाल लावत्यात की."

"पण कडा बघ, कशा वाकड्यातिकड्या झाल्यात."

"पायाच्या कडा काय बघती? चल, खीर निवायली."

लुंबिनीनं खीर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं परत गेली. तिला आजही त्या खिरीची आठवण सहन होत नाही.

पुढं डाग चिघळला. साहेबरावनं त्यावर पुन्हा बिब्बा लावला, यावेळी जरा जास्तच. जांघेत गाठ आली, तर पायाच्या जखमेनं येतेच, असं शेजारीपाजारी म्हणाले. असं करत वर्ष गेलं. शेवटी टाचेतून रक्त थांबेना, तेव्हा लुंबिनीनं आईला हट्टानं मोठ्या दवाखान्यात नेलं.

कातडीचा कॅन्सर निघाला. टाच कापली. पण आम्ही केव्हाच निघालो होतो, जांघेतून वर, फुप्फुसापर्यंत. मग मला गप्प बसवणारी गोळी सुरू झाली, आणि सहा महिने मी खरंच गप्प होतो. सरजाबाई काठी टेकत दारापर्यंत चालली. साहेबरावनं त्या दिवशी ऑटो काढला नाही. पुढं आमच्यात आणखी एक चूक झाली आणि गोळी लागू पडेनाशी झाली.

"बाई, बिब्ब्यानंच झालं का हे?" साहेबरावनं डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.

"नाही. बिब्ब्यानं नाही झालं. त्याच्यामुळं डाग ओळखायला उशीर झाला, एवढंच."

त्याच्या कानात फक्त उशीर तेवढा राहिला. घरी येऊन त्यानं बिब्ब्यांची डबी नालीत फेकली. तेव्हापासून तो तिच्या पायाला हात लावत नाही. तुम्हाला कधी त्याच्या ऑटोत बसायचा योग आला, तर त्याला एवढं सांगा, की तुझा हात मायेचा होता, गुन्हा माझा आहे.

सरजाबाईनं मात्र शेवटी शेवटी एक नवंच काढलं. मिलमधून बघायला आलेल्या बाईला ती आधी चपला काढायला लावायची.

"पुनम, तळवा दाखव. मंग च्या पी."

"आजारी माणसापुढं पाय कसे करू, मावशी?"

"कर. मी न्हाई दाखवला कुणाला."

गेल्या आठवड्यापासून तिला तेवढंही बोलवत नाही. मिलच्या बाया आपणहून तळवे पुढं करतात. ती बघते आणि डाग नसला की मान डोलावते.

काल सगळ्या गेल्यावर साहेबराव तिच्यासमोर बसला आणि त्यानं आपले पाय पुढं केले. तिनं ते मांडीवर घेतले, दोन्ही तळवे निरखून पाहिले, मान डोलावली. मग त्याचा घोटा घट्ट धरून ठेवला. त्याच्याकडं बघत तिनं मान नाही नाही अशी हलवली. आणखी काही सांगायला तिचे ओठ उघडले. तेवढा श्वास मी तिच्यात ठेवलेला नाही.