कानबाईची पासोडी आणि चितारलेली पोर

अभिमनला कापडाची किंमत कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. विचारलं नाही, पुसलं नाही. पेटीतून मला ओढलं आणि दोन खांबांना खिळ्यांनी ठोकलं!

मित्रांनो, मी एक जुनी पासोडी आहे. शिरपूरकडच्या शेतातल्या पहिल्या वेच्याचा कापूस, माझ्या मालकिणीच्या, भागाबाईच्या हातचं सूत. श्रावणात घरी कानबाई देवी बसली की तिच्या चौरंगामागे मीच. एरवी पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात. भोक पडलेलं कापड आमच्याकडे देवीमागे लावत नाहीत. म्हणून खिळे पाहून माझा जीव गेला.

त्या उन्हाळ्यात धुळ्याहून सिनेमावाला आला होता. त्याचा पडदा वाटेत फाटला, तर भागाबाईचा लेक अभिमन लगेच पुढे! अंधार पडला, यंत्र घरघरलं, माझ्या अंगावर उजेड पळू लागला. म्हणे, चितारलेली माणसं चालतात. मला काय दिसणार? मला फक्त समोरची तोंडं दिसत होती.

"पानी उनं रे!" पाऊस आला म्हणून लोक ओरडले. मी तर कोरडीठाक! समोरचे म्हणत राजपुत्र उजवीकडून आला, माझ्यामागे बसलेले म्हणत डावीकडून. खरं कोणाचं?

मग एकदम सगळ्यांच्या माना पुढे झाल्या.

"राजानी पोर मरी गई का?" म्हाताऱ्या झुलाल आबांनी राजकन्येबद्दल विचारलं.

"चितारेल पोर शे, आबा. कशी मरी?" मागून कोणीतरी म्हणालं.

पण बाया डोळे पुसत होत्या. तेवढ्यात भागाबाई तरातरा आली. "अभिमन! कानबाईनी पासोडी शे ती! खाले काढ!"

मला हायसं वाटलं. पण जवळ येऊन ती थबकली. "माय व, पोरनं कपाय उघडं शे!" आपल्या कपाळाचं कुंकू बोटाने टिपून तिने त्या पोरीच्या कपाळावर टेकवलं आणि तिथेच खाली बसली. पोर उजेडाबरोबर गेली, कुंकू माझ्या अंगावर राहिलं. ते लावलं कोणाला, तिला की मला?

सिनेमाच्या शेवटी सगळे हसले. का, कोण जाणे.

श्रावण आला. अंगाला भोकं, वर डाग. बायांनी नाकं मुरडली. भागाबाईने भोकं रफू केली, कुंकू मात्र धुतलं नाही. "कुकू शे, डाग कसाना?" म्हणत तिने मला चौरंगामागे लावलं.

मित्रांनो, जुनं कापड हवं तर मागून घ्या, ओरबाडू नका.

आता अभिमन समोर हात जोडून उभा आहे. मोठ्यानेच सांगते, "अभिमन, पुन्हा सिनेमा आला तर ने मला. पण खिळे नकोत, काठाला नाडे शिव. आणि ती पोर उठली का, ते आधी सांग!"