चारही कोपरे चांगले

गालिबने खिशातून चुंबक काढलं आणि गाडीच्या मागच्या मडगार्डवर टेकवलं. टक् करून चिकटलं. मग दारं, मग छत, मग डिकी. ठोकरीचे खड्डे बुजवायला पत्र्यावर लांबी भरलेली असली की चुंबक घसरतं. इथे कुठेच घसरलं नाही. बॉनेट आणि पुढची मडगार्डं ॲल्युमिनियमची, तिथे चुंबक काही बोलत नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून पुढच्या बाजूला त्याने ते लावलंच नाही.

हातात चुंबक, डोक्यात हिशेब. अम्मानच्या बाजारात ही गाडी अठरा हजार दिनारांना हातोहात जाते. डॉक्टर शुक्री तेरा म्हणत होते. म्हणजे पाच हजारांचा फायदा. खताच्या कंपनीत सात महिने दुसऱ्यांच्या पगाराच्या बेरजा केल्या की एवढे हातात येतात. शिवाय ज्याला आकडा लावता येत नाही असाही एक फायदा होता. शुक्रवारच्या जेवणाला मेव्हणा आपली कोरी कोरियन गाडी सासऱ्यांच्या फाटकाला नाक लावून उभी करतो. त्याच्या मागे ही दहा सिलिंडरांची, गडद निळी बीएमडब्ल्यू एम-फाइव्ह येऊन गुरगुरली असती. या गुरगुरण्यासाठी गालिब वीस वर्षं थांबला होता.

"वापरलीच कुठे आहे?" डॉक्टर म्हणाले. दातांचे डॉक्टर, बंगल्याच्या पायऱ्याही दातांसारख्या पांढऱ्या. "आमच्या कैसची. तो कॅनडाला शिकायला गेला. इथे उभ्या उभ्या टायर सडतायत."

"अपघात वगैरे?"

"कागद बघ ना, बाबा. चारही चांगले."

तपासणी केंद्राचा कागद खरा होता. गाडीच्या सांगाड्याचे चार कोपरे असतात, प्रत्येक कोपऱ्यापुढे शेरा असतो, आणि चारही 'चांगला' असले की पुढचं काही विचारायचं नसतं. सोयरीक जमवताना लोक मुलीच्या बापाच्या शब्दावर संशय घेतील, या कागदावर घेणार नाहीत. स्वस्त का, असं विचारायला गालिबने तोंड उघडलं होतं. पण आपण विचारलं की समोरचा शहाणा होतो, हा त्याचा अनुभव. त्याने तोंड मिटलं.

ईद जवळ आली होती, नोंदणी कार्यालय बंद. डॉक्टर म्हणाले, मुखत्यारपत्र करून देतो, नाव सुट्टीनंतर चढव. आईच्या वाटणीची ऑलिव्हची झाडं विकून आलेले पैसे आणि स्वतःची जुनी गाडी विकून आलेले पैसे, दोन्ही एका पिशवीत घालून गालिबने दिले आणि किल्ली घेतली.

विमानतळाच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने पाय दाबला. पाठ सीटला चिकटली, काटा सरसर वर गेला, पाचशे घोडे एकदम खिंकाळले. छातीत काहीतरी उसळेल म्हणून तो वाट बघत राहिला. काही उसळलं नाही. त्याने पाय काढला आणि पेट्रोलचा काटा किती उतरला ते पाहिलं.

"कशी आहे?" घरी बायकोने, रुदैनाने, विचारलं.

"चांगली आहे."

"वीस वर्षं डोकं खाल्लंस माझं, आणि आता 'चांगली आहे'? अरे, दह्याबद्दल विचारत नाहीये मी."

ईदनंतर नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनाने गाडीचा क्रमांक टाकला, भुवया वर केल्या आणि पडदा गालिबच्या बाजूला वळवला.

"जप्ती आहे हिच्यावर. नाव चढणार नाही, परवाना वाढणार नाही. महिनाअखेर परवाना संपतो. मग अंगणात ठेवा, कोंबड्या बसतील आत."

"कुणाची जप्ती?"

"मयताच्या वडिलांची," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाचे कागद मागू लागला.

डॉक्टरांनी त्याला दवाखान्यातच बोलावलं, हातमोजे काढले नाहीत.

"मी खोटं कुठे बोललो? तू गाडीचा अपघात विचारलास. गाडीला काय झालं? एक काच आणि एक बंपर."

"माझे पैसे द्या."

"ते गेले कॅनडाला. फी भरली पोराची." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "करकच्या वाटेवरचं गाव आहे. लष्करात नव्याने भरती झालेलं पोर, बसमधून उतरून रस्ता ओलांडत होतं. पोराच्या म्हाताऱ्या बापाने सहा महिने मुदत दिली होती. चार मोठी माणसं घेऊन त्याच्या दारात जायचं, माफी मागायची, की जप्ती उठली असती. पण कैस इथे नाही. जाऊन पुढे कुणाला करायचं? तू त्याची जप्ती उठवायची सही आण. हजार मी तुला परत करतो."

गालिबला राग यायला हवा होता, हे त्याच्या लक्षात आलं. खुर्चीवरून उठताना त्याने जिन्यात किती पायऱ्या आहेत ते मोजलं, एवढंच.

मग तो मामाकडे गेला. मामा, म्हणजे अबू फव्वाज, लष्करातून निवृत्त झालेला कोठार-हवालदार. पण खरा धंदा जाहाचा: मोठ्या माणसांचा जथा घेऊन कुणाच्या तरी दारात जायचं आणि मागणं घालायचं. मुलीला मागणी घालण्यापासून खुनाच्या तडजोडीपर्यंत काहीही. मोबदला घेत नसे. जेवण घेत असे.

"तेरा हजारांत?" मामा म्हणाला. "भाच्या, पाच हजार स्वस्त गाडी आणि डोळे मिटून सज्जन झालेला दंतवैद्य, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तेव्हा तुझं ते चुंबक काय झोपलं होतं?"

"येताय की नाही?"

"येतो ना. जायचं कशात?"

गालिबने खिशातली किल्ली चाचपली.

"याच गाडीत?" मामाने कपाळावर हात मारला. "ज्या सुरीने कापलं तीच कमरेला लावून जखम बघायला जायचं!"

पण दुसरी गाडी नव्हती. शेवटी असं ठरलं, की गावाबाहेरच्या पेट्रोल पंपामागे ती उभी करायची आणि उरलेली वाट चालायची. तसंच केलं. दुपारच्या उन्हात मामा आपला तपकिरी झगा सावरत पुढे, गालिब जप्ती उठवायचा कोर्टाचा कागद घेऊन मागे.

मयताच्या वडिलांचं, मुत्लकचं, घर महामार्गाला लागून होतं. मोठा मुलगा सनद, म्हणून सगळं गाव त्याला अबू सनद म्हणायचं. मुलगा गेल्यावर नाव बदलत नाही. खोलीत भिंतींना धरून गाद्या घातलेल्या होत्या, त्यांवर मुत्लकचे दोन भाऊ बसले होते. आतल्या दाराला पडदा.

कॉफी आली. मामाने कप समोर जमिनीवर ठेवला, गालिबनेही. मागणं मान्य होईपर्यंत त्याला ओठ लावायचे नसतात; लावले की मागणं संपलं. मामाने घसा खाकरला, बिस्मिल्ला केलं आणि अजून दोनच वाक्यं झाली होती तेवढ्यात मुत्लक गालिबकडे वळला.

"गाडी पंपामागे का लावलीत?"

मामाचं भाषण तिथेच राहिलं.

"आवाज आला मला," मुत्लक म्हणाला. "त्या संध्याकाळी याच गादीवर बसलो होतो. आधी एक धाडकन् आवाज झाला. मग हिचा. बारीक बारीक होत गेला. बंद पडला नाही." हे तो वाटेत भेटलेल्या कुणाला पत्ता सांगावा तसं सांगत होता.

"अबू सनद," मामा घाईने म्हणाला, "हा माझा भाचा. बिचारा गिऱ्हाईक आहे. याला काही माहीत नव्हतं. तुम्ही जी रक्कम म्हणाल—"

"रक्कम नको."

"मग?"

"वर्षाच्या वर झालं, मी रोज या गाद्या झटकून घालतोय. कुणीतरी यायचं असतं. येऊन एक वाक्य बोलायचं असतं. ते झालं की मी सही करणार होतो, आजही करीन."

"पण ज्याने केलं तो—"

"मला माहीत आहे हा तो नाही. त्या पोराचा फोटो पाहिलाय मी कोर्टात." मुत्लकने गालिबकडे पाहिलं. "गाडी आता तुझी ना?"

"हो."

"मग वाक्यही तुझंच."

मामाने गालिबची बाही ओढली आणि ओठ न हलवता पुटपुटला, "उठू नकोस. हे तोंडातून गेलं की या सगळ्या मुलखात पोर तूच मारलंस. उद्या तुझ्या मुलीला मागणी घालायला येणारा आधी हे विचारेल. गाडी सडू दे."

गालिबने मनात तराजू धरला. एका पारड्यात तेरा हजार, आईची झाडं, वीस वर्षं. दुसऱ्यात एक वाक्य, आणि वाक्याला वजन कसलं? आयुष्यभर त्याने आकड्यांवर विश्वास ठेवला होता. तो उठला. कागदाची घडी हातातच होती.

"हक्क तुमचा आहे, अबू सनद," तो म्हणाला. "दोष आमचा. आम्ही तुमच्या दारात आलो आहोत."

हजेरी द्यावी तसा त्याचा आवाज निघाला. मुत्लकने डोळे मिटले. एक भाऊ हळूच 'ला इलाह इल्लल्लाह' म्हणाला. हिशेब इथे मिटायला हरकत नव्हती.

तेवढ्यात पडद्यामागून बाईचा आवाज आला.

"पोरा."

सगळे थिजले. अशा बैठकीत बायका बोलत नाहीत.

"तू खाली उतरला होतास का?"

मामा दाराकडे बघू लागला. दोन्ही भाऊ आपापल्या पायांकडे. मुत्लक गादीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिला. त्याने मान वर केली नाही, नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. बाहेरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज बारीक होत पार विरला.

"उतरलो होतो, आई," गालिब म्हणाला.

"शुद्धीवर होता?"

"थोडा वेळ."

"काही म्हणाला?"

गालिबने कागदाची आणखी एक घडी घातली. मग आणखी एक.

"पाणी मागितलं."

"दिलंस?"

"दिलं. बाटली होती गाडीत. डोकं मांडीवर घेतलं आणि दिलं. दोन घोट प्यायला."

पडद्यामागची अनवाणी पावलं आत आत गेली आणि कुठेतरी लांब नळ सुरू झाला.

"कॉफी गार झाली," मुत्लक म्हणाला. "बदला."

नवे कप आले. "प्या. ज्यासाठी आलात ते मिळालं."

गालिब प्यायला. कडू होती, गरम होती. घडीच्या खुणांवर कागद पसरून मुत्लकने सही केली, भावांनी साक्षीदार म्हणून खाली नावं घातली. मामाला जेवायचं आमंत्रण झालं; आयुष्यात पहिल्यांदा मामाने जेवण नाकारलं.

मुत्लक पंपापर्यंत पोचवायला आला. गाडीजवळ येऊन त्याने बॉनेटवर तळवा टेकवला आणि घोड्याची पाठ बघतात तसा थोडा वेळ तिथेच ठेवला.

"तिने मला हे कधी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "एकदाही नाही."

गालिबने सीटवर बसून चावी फिरवली. दहाही सिलिंडर एकदम जागे झाले तसा मुत्लक दोन पावलं मागे सरला आणि पाठ करून घराकडे चालू लागला. गालिबने गाडी लगेच काढली नाही. तो घरात शिरेपर्यंत थांबला, आणि मग जितकी हळू जाईल तितकी हळू रस्त्यावर घेतली.

परतताना अम्मानमध्ये घराच्या वळणावर मामा म्हणाला, "पाण्याचं कुणी विचारलं नसतं तरी सही झालीच असती रे, गाढवा."

"माहीत आहे," गालिब म्हणाला.

आता जमाखर्च. गाडी गालिबच्या नावावर झाली. मेव्हण्याच्या मागे ती एकदा गुरगुरली. मेव्हणा 'वा' म्हणाला, आणि गालिबने ताटातलं मांस तुकडे करून बायकोच्या पुढे सरकवलं. कचेरीतला करककडचा हिशेबनीस त्याला सलाम करेनासा झाला. विकायला काढली तर गिऱ्हाईक कागद बघतं, चारही चांगले म्हणतं, मग कुणाचा तरी फोन येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

माफी मिळाली, खटला मिटला, म्हणून उन्हाळ्यात कैस कॅनडाहून परतला. डॉक्टर शुक्रींनी अंगणात दिवे लावून जेवण दिलं. त्यांचा एक दिनार गेला नाही. हजाराचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, बघू.

मुत्लकचा मुलगा गेला आणि सही गेली.

वसंतात, मेंढ्यांचं दूध निघतं त्या दिवसांत, करकच्या बसचा ड्रायव्हर गालिबच्या कचेरीत एक कापडी पिशवी ठेवून गेला. आत घट्ट वाळवलेल्या दह्याचे पांढरेशुभ्र गोळे होते, घरचे, हाताने वळलेले. कुणी दिले, असं विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "एक म्हातारी. पाणी देणाऱ्याला द्या म्हणाली." पुढच्या वसंतात पुन्हा पिशवी आली. त्याच्या पुढच्याही.

रुदैना त्याचा रस्सा करते, पाहुणे बोटं चाटतात, दही कुठलं म्हणून विचारतात. गालिब ताटावर मान घालून जेवतो. त्या कधीच न दिलेल्या दोन घोटांची किंमत सनदची आई, उम्म सनद, अजून भरते आहे.