ऋतुजासाठी बोलणारा टॅब

मी टॅब बोलतोय. शाळेच्या निबंधात छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, रस्तासुद्धा बोलतो. त्यांचं बोलणं मुलांना कल्पनेनं ऐकावं लागतं. माझं तसं नाही. मी खरोखर, मोठ्यानं बोलतो, आणि मुखेडच्या एका मुलीचं सगळं बोलणं गेली सहा वर्षं माझ्याच तोंडून झालेलं आहे. त्या मुलीचं नाव ऋतुजा.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. स्वस्तातला टॅब, वहीएवढा पडदा, बेताची मेमरी, पाठीला एक छोटा स्पीकर. नांदेडच्या दुकानातून मला सुदर्शननं उचललं. सुदर्शन हा ऋतुजाचा मामा. तेव्हा तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता आणि जगातली प्रत्येक गोष्ट आजच्या आज सुधारली पाहिजे, असा त्याचा स्वभाव होता. अजूनही आहे. मला हा स्वभाव फार आवडतो. थोडा मलाही लागला आहे.

ऋतुजा तेव्हा दुसरीत होती. तिला ऐकायला उत्तम येतं, समजतं तर घरातल्या मोठ्यांच्याही आधी. पण जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, आणि तेव्हापासून जीभ आणि ओठ तिला साथ देत नाहीत. तोंडातून आवाज निघतो, शब्द बनत नाही. लोक तिच्यासमोर तिच्या आईला विचारायचे, "वर्षाराणी, लेकराला कळतं का गं काही?" लेकरू तिथंच उभं, डोळे रोखून. या प्रश्नाचा मला आजही संताप येतो.

सुदर्शननं माझ्यात एक ॲप टाकलं. पडद्यावर चित्रांच्या चौकटी. पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की 'पाणी' असा शब्द उमटायचा. ॲपचा स्वतःचा आवाज होता, एका गुळगुळीत बाईचा. ऋतुजाची आजी कस्तुराबाई तो ऐकून म्हणाली, "ही कोण बोलायली? आपल्या घरातली न्हाई ही."

मग शेजारच्या नीलम्माला बोलावलं. ती ऋतुजाच्याच वयाची, तिच्याच वर्गातली, बोलण्यात चुरचुरीत. दारं-खिडक्या लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन सुदर्शन आणि ती बसले, आणि एकेक शब्द तिच्या आवाजात माझ्यात भरला. गोधडीनं सगळं काही अडलं नाही. 'भूक लागली'च्या मागं आजही एक शेळी ओरडते.

पहिल्या दिवशी ऋतुजानं सगळ्यात जास्त वापरलेला शब्द होता 'नको'. दूध नको, वेणी नको, झोप नको. इतकी वर्षं जे समोर येईल ते तिला घ्यावं लागलं होतं. वर्षाराणी एकीकडे वैतागत होती, एकीकडे पदरानं डोळे पुसत होती.

तिनं जुन्या जीनच्या कापडाची एक पिशवी शिवली आणि मी ऋतुजाच्या गळ्यात आलो. शाळा, शेत, बाजार, लग्नं, एसटीचा प्रवास, सगळीकडे. तिचं बोट माझ्यावर कसं चालायचं हे एकदा बघायला हवं होतं. पडद्याकडे न बघता, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत ती शब्दामागून शब्द दाबायची. कुठली चौकट कुठं आहे हे तिच्या बोटांना पाठ होतं. एवढी हुशार बोटं मी पाहिली नाहीत.

पण मी थकत गेलो. चार्जरची पिन एका ठरावीक कोनात धरली तरच लागायची. बॅटरी फुगली, पाठ उचलली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी मंद झालो. तिनं बोट ठेवावं, मी विचार करत बसावं.

यंदा ती आठवीत, हायस्कूलला गेली. एका सकाळी हजेरी चालू होती. सरांनी हाक मारली, "ऋतुजा." तिनं लगेच चौकट दाबली. मी अडकलो. सरांची नजर पुढच्या ओळीवर गेली.

"चन्नबसप्पा."

आणि तेव्हा माझ्यातून आवाज फुटला, बारीक, लाडिक, "हजर, सर!"

चन्नबसप्पा ताडकन उभा राहिला. "सर, हजर मी हाय, पण ह्यो आवाज माझा न्हाई!"

वर्ग फुटला. सरही हसू दाबत म्हणाले, "बसा, बसा, दोघंबी हजर." पोरगा वाईट नव्हता, सरही वाईट नव्हते. पण त्या दुपारी ऋतुजानं डबा उघडला नाही, आणि दिवसभर मला पिशवीतून बाहेर काढलं नाही.

मग घरात नव्या टॅबचा विषय निघाला. सुदर्शन आता नांदेडला नोकरीला आहे. तो रविवारी आला आणि मला हातात घेऊन उलटंपालटं बघायला लागला.

"चालायलंय की," ऋतुजाचे वडील वैजनाथ म्हणाले. "चालती चीज कशाला काढायची?"

"दाजी, चालायलंय कुठं? रांगायलंय."

"बॅटरी फुगली म्हणून फेकायचं व्हय?" कस्तुराबाई म्हणाली. "मीबी फुगलेय. फेका मला."

सुदर्शननं आधी घरगुती उपाय केले, हे मला सांगितलंच पाहिजे. नवी वस्तू दिसली की जुनी टाकायची, असला तो नाही. माझ्यात साठलेला पसारा त्यानं काढला. त्यात कस्तुराबाईची भजनं होती, वैजनाथांचे ट्रॅक्टरचे व्हिडिओ होते, कुणी कधी टाकलेले खेळ होते. थोडे दिवस मी बरा पळालो. पुन्हा होतो तसा झालो. बॅटरी बदलायला दुरुस्तीच्या दुकानात नेलं, तर माझ्या मापाची बॅटरी आता येतच नाही म्हणाले.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी वर्षाराणी आणि ऋतुजा एसटीनं नांदेडला निघाल्या. मी नेहमीसारखा गळ्यात. सुदर्शन स्टँडवर घ्यायला आला होता.

दुकानदारानं काउंटरवर दोन नवे टॅब मांडले, एक मोठा, एक माझ्याएवढा. दोन्ही स्वस्तातलेच, पण मी बघतच राहिलो. बोट टेकतं न टेकतं तोच पान उघडत होतं. उन्हात धरला तरी पडदा स्वच्छ. आवाज मोठा, खणखणीत. माझ्याच जातीची मुलं इतकी पुढं गेली, याचा मला अभिमान वाटला.

"मोठा घ्या साहेब. सिनेमा बघायला एकदम भारी."

"तिला सिनेमा बघायचा नाही. तिला बोलायचंय," सुदर्शन तडकला.

"म्हणजे फोनसारखं?"

"म्हणजे आपण दोघं आत्ता बोलायलोत तसं."

दुकानदारानं ऋतुजाकडे नीट पाहिलं, तिला बसायला स्टूल दिलं आणि स्वतःच्या मोबाइलवरून इंटरनेट सुरू करून दिलं. "करून बघा. घाई नाही."

मोठा टॅब गळ्यात घातल्यावर ऋतुजाची मान खाली ओढली जायला लागली, आणि चौकटीही लांब लांब गेल्या. तो तिनं लगेच परत केला. माझ्याएवढ्या टॅबवर सुदर्शननं माझ्यातलं सगळं उतरवलं, चौकटी जिथल्या तिथं, नीलम्माचा आवाजही तोच. ऋतुजानं बोट ठेवलं.

"माझं नाव ऋतुजा."

लगेच! बोट उचलायच्या आत. वर्षाराणीनं तोंडावर हात धरला. सुदर्शन ओरडला, "बघ, बघ ताई!"

ऋतुजानं पुन्हा एकदा तीच चौकट दाबली. ऐकलं. आणि टॅब काउंटरवरून मागं सरकवला. माझ्यावर बोट ठेवून म्हणाली, "नको."

खरं सांगतो, मला आनंद झाला. बॅटरी आधीच फुगलेली, त्यात मीही फुगलो. मला वाटलं, ही मला सोडणार नाही.

वर्षाराणीलाही तेच वाटलं. "जीव हाय तिचा ह्याच्यावर. राहू दे सुदर्शन, हाच चालवू."

"ताई, तिथं वर्गात तिची फजिती व्हायली, अन् तू जीव काय घेऊन बसलीस?"

"लेकरं असंच करतात ताई," दुकानदार समजुतीनं म्हणाला. "घरी गेल्यावर वापरतील."

तिघं तिच्या डोक्यावरून बोलत राहिले. कुणीही तिला विचारलं नाही. मला हात असते तर मी काउंटरवर आपटले असते.

ते ऋतुजानं केलं. फाडकन. तिघंही वळले.

तिनं मला पुढ्यात ओढलं. "थांबा." तो शब्द माझ्यातून बाहेर यायला वेळ लागला, तेवढा वेळ ती थांबली, आणि तिच्याबरोबर सगळेच थांबले. मग तिनं नवा टॅब जवळ घेतला आणि दाबलं, "मी आठवीत आहे." पुन्हा दाबलं, "मी आठवीत आहे." तिसऱ्यांदा दाबताना दुसऱ्या हाताच्या तळव्यानं तिनं स्पीकर गच्च झाकला. आवाज आत घुसमटला. ती आईकडे बघत राहिली.

वर्षाराणीचा चेहरा हळूहळू बदलला.

"सुदर्शन," ती म्हणाली, "हा आवाज दुसरीतल्या पोरीचा हाय रे."

आठवीत आहे, असं सात वर्षांची एक मुलगी सांगत होती! आणि आम्ही ते रोज ऐकत होतो. नंतरचे शब्दही सुदर्शननं त्या जुन्याच तुकड्यांतून जोडून भरले होते. एसटीत ऋतुजाला बायका बिस्कीट का देतात, गाल का ओढतात, तिच्याशी बोबडं का बोलतात, त्या दिवशी वर्ग एवढा का हसला, हे सगळं मला एका दमात कळलं. माझा उशीर हेच तिचं दुखणं, असं मी धरून चाललो होतो. आणि ज्या आवाजाचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, तोच तिला लहान करत होता. ऋतुजा वाढली, नीलम्माही वाढली. दुसरीत राहिलो तो मी एकटा.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त मी थक्क झालो. इतक्या लोकांना जे ऐकू आलं नाही, ते तिनं एका तळव्यानं सांगितलं होतं.

माझ्याएवढा टॅब घ्यायचं ठरलं. सुदर्शननं उत्साहानं ॲपमधला बाईचा आवाज लावून दाखवला. "कृपया मला पाणी द्यावे." ऋतुजा इतकी हसली की स्टूलावरून घसरता घसरता वाचली. ते हसणं तिचं स्वतःचं आहे, कुणी भरलेलं नाही. मला ते फार सुंदर वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपला आताचा आवाज भरून द्यायला नीलम्मा घरी आली आणि दारातच अडली. "माझा आवाज आता कसातरीच झालाय. मला लाज वाटायली."

ऋतुजानं माझ्यावरच्या शाळेच्या पानावरून शब्द शोधला. "नाटक नको."

"बघा! मदतीला आले तरी ही मलाच बोलायली," नीलम्मा म्हणाली आणि आत येऊन बसली.

भरायचं काय, ते या वेळी ऋतुजानं ठरवलं. 'मी शहाणी मुलगी आहे' ही चौकट तिनं पहिल्याच फटक्यात काढून टाकली. ती मोठ्यांनीच घातली होती, दुसरं कोण घालणार! मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत तिनं नवी वाक्यं लिहायला घेतली. लिहायला तिला फार वेळ लागतो, पण ती उठली नाही. मधे बोलू नका. मला विचारा. खोटं बोलू नको. माझ्या वाटचं तू खाल्लंस. मला एकटीला जायचंय.

मी वाचत होतो आणि मला आमची सगळ्यांचीच कमाल वाटत होती. मागायला, आभार मानायला, पाहुण्यांना नमस्कार करायला आम्ही तिला शब्द दिले होते. भांडायला एकही दिला नव्हता.

वर्षाराणी एकेक वाक्य वाचून नीलम्माला देत होती. एका वाक्यावर ती थबकली. 'आई, माझ्याबद्दल मला न विचारता सांगू नको.' तिनं ते दोनदा वाचलं. मग टॅब नीलम्माच्या हातात दिला.

"म्हण गं," ती म्हणाली. "जसंच्या तसं म्हण."

तर अशी माझी सुटी झाली. आता मी टीव्हीशेजारच्या फळीवर असतो. पाठ उघडून फुगलेली बॅटरी काढली आहे, त्यामुळं मोकळं वाटतं. वायर लावली की मी चालू होतो, आणि सुदर्शननं परत भरून दिलेली भजनं कस्तुराबाईला ऐकवतो. ती मला घाई करत नाही.

जुना टॅब बदलावा का, असं तुम्ही मला विचाराल, तर मी सांगेन, बदला. उशिरा येणारा शब्द माणसाला हरवतो. पण दुकानात जाण्याआधी, ज्याचं बोट त्यावर फिरणार आहे त्याला विचारा. तो चार शब्द जुळवायला वेळ घेत असेल तर थांबा. त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. एवढं मागतो, आणि तुमचा निरोप घेतो.

जाता जाता कालचं तेवढं सांगतो. कंपासपेटी कुणी हरवली यावरून ओसरीत ऋतुजा आणि नीलम्मा भांडत होत्या. दोघींचा आवाज एकच, त्यामुळं कोण कुणाला काय म्हणतंय हे मलाही उमगेना. "तूच घेतलीस!" "खोटं बोलू नको!" "तूच खोटी!" शेजारी तुरीची डाळ निवडत बसलेली कस्तुराबाई शेवटी सूप आपटून ओरडली, "ए ऋते! कान किटले माझे. लई बोलायलीस गं तू!"

आत चुलीपाशी भाकरी थापणारे वर्षाराणीचे हात थांबले. पिठाच्या हातांनी ती दारात आली.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "काय म्हणलात? परत एकदा म्हणा की."