टेनिसला बांधलेली रापण

त्या श्रियाचे वागणे मला पहिल्या दिवसापासून खटकले. आल्या आल्या तिने टॉवेल माझ्या अंगावर टाकला. मग मान वाकडी करून मोबाइलवर फोटो काढले. रॅकेटला अजून चेंडू लागला नव्हता, पण फोटो चार झाले! अशा पोरीवर भरवसा कसा ठेवायचा?

मित्रांनो, मी मालवणच्या किनाऱ्यावरची एक जुनी रापण आहे. होडीतून समुद्रात सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर धरून वाळूवर ओढून घ्यायचे, असे मोठे जाळे. श्रियाचे आजोबा हरिश्चंद्र यांनी मला तरुणपणी विणून घेतले. वर तरंगणारे बोये, खाली शिशाच्या गोळ्या, कडेला सुताचा जाड दोर. मी शाळा पाहिली नाही, पण बांगडा कोणत्या अंगाने येतो ते मला कळायचे. चाळीस माणसे मला ओढत. तेव्हा एक रीत होती. दोराला ज्याचा हात लागला, त्याला मासळीचा वाटा. मग तो रस्त्याने चाललेला परका का असेना.

पुढे मोठ्या बोटी आल्या, ओढणारे हात मुंबईला गेले. मी मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपटात, पडून राहिले आणि उंदरांनी मला निम्मी संपवली.

यंदा श्रिया घरून काम करायला गावी आली. तिला आणि तिच्या मित्रमंडळींना टेनिसची हौस सुटली. पांढरे बूट, पांढऱ्या टोप्या. म्हणे, ही नवी जीवनशैली! मासे वाळवायचे खळे झाडून त्यांनी मैदान केले आणि मला मधोमध बांधले. तेही उलटे. मी मध्ये पोट सोडून लोंबू लागले.

पायरीवरून हरिश्चंद्र ओरडले, "गो बाय, शिसां वर नि बोये खाली? अशी सोडलंस तर मासे हसतले!"

श्रियाने हसून मान हलवली आणि मला तशीच ठेवली.

रोज चेंडू माझ्यात अडकत. अडकला की ही मंडळी कपाळावर हात मारीत. आमच्या वेळी जाळ्यात काही अडकले नाही तर घरोघर तोंडे उतरायची! पहिल्या दिवशी बाराजण होते, आठवड्याने पाच उरले. मी मनात म्हटले, ही हौस गणपतीच्या मखरासारखी, चार दिवस चकाकणार.

मग एका दुपारी अवकाळी सर आली. सगळे रॅकेटी पोटाशी धरून गाडीत पळाले. मी तिथेच. खारे पाणी मी जन्मभर प्यायले, पण पावसाचे पाणी मुरले की सुताचा दोर कुजतो. गाडीतून तिच्या मित्राचा, निहारचा आवाज आला, "भिजू दे ग. नवीन नेट मागवू, हे टाकून देऊ."

संपले, म्हटले. पण श्रिया उतरली. एकटीने मला उचलायला गेली आणि चिखलात बसली. भिजलेली रापण एका माणसाला दाद देते होय? तेव्हा ती रस्त्याकडे तोंड करून ओरडली, अगदी आजोबांसारखी, "रापणीक हात लावा रे!"

मासे विकून परतणारी सुभद्रा टोपली ठेवून धावली. मागून सात-आठजण आले. मला ओढून मांगरात आडव्या वाशावर पसरले. मग सुभद्राने कमरेवर हात ठेवले.

"ओढली मां आमी? मगे आमचो वाटो खंय?"

सगळे हसले. मी मात्र श्रियाच्या हाताकडे पाहत होते. आता मोबाइल निघणार, ही फोटो काढणार आणि सगळ्यांना वाट दाखवणार.

तिने स्वतःची रॅकेट सुभद्राच्या हातात दिली. "मासे नाहीत, मावशी. उद्यापासून रोज पहिला डाव तुम्हा सगळ्यांचा."

दुसऱ्या दिवशी मी वाळल्यावर मला पुन्हा मैदानात बांधले आणि सुभद्राने लुगडे खोचून असा फटका मारला की चेंडू माडाच्या झावळीत बसला. ओढायला आलेले सगळे हजर होते.

मित्रांनो, वस्तू भिजली तर पुसा, वाळवा. आणि ज्याचा हात मागितला, त्याला विसरू नका. हौस त्यानेच टिकते. टिकते की नाही, ते मी अजून बघणार आहे.

परवा श्रियाने पुन्हा टॉवेल माझ्या अंगावर टाकला. तेव्हा मी मोठ्याने सांगितले, "गो श्रिया, खेळ तुझो कच्चो आसा आणि शिसां अजून वरच आसत. पण वाटो दिलंस, म्हणान तू रापणकराची नात खरी. आता ह्यो टॉवेल उचल!"